काटा केवढा, आणि गेला किती आत?

गेल्या मिरगात आमच्या घरी एकाच दिवशी दोघांना लागलं. सकाळी वहिनी जास्वंद छाटत होती. सिकेटर निसटलं आणि डाव्या हाताच्या तर्जनीला अर्ध्या इंचाची चीर पडली. रक्त बघून घरभर पळापळ. एकानं हळदीचा डबा आणला, दुसऱ्यानं कापूस, आणि कुंपणापलीकडच्या अज्जी "अय्यो, एनायतु?" करत वाकून बघायला लागल्या.

दुपारी काकांनी परड्यातल्या कागदी लिंबाच्या वाळक्या फांद्या ओढून काढल्या. उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरावर काटा घुसला. त्यांनी तो दातानं ओढला, थुंकला आणि चहा मागितला. आई म्हणाली, "बघू तरी किती लागलंय ते." काका म्हणाले, "काटाच की तो, त्यात काय बघतीस?"

वहिनीचं बोट आठ दिवसांत भरून आलं. काकांचं बोट तीन आठवड्यांनी सुजलं. सकाळी उठल्यावर मिटेना. एक्स-रेत काही दिसलं नाही, "संधिवाताची सुरुवात असेल" म्हणून गोळ्या मिळाल्या. पुढे महिना-दीड महिन्यानं दुसऱ्या एका डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला लावली, तेव्हा सांध्यात अडकलेला चार मिलिमीटरचा तुकडा सापडला. काट्याचं टोक. दात लागला तो नुसता बुडखा होता.

बागेतल्या लागण्या-खुपण्याचा आपला हिशेब असा उलटा असतो. रक्त आलं की आपण घाबरतो, रक्त नाही आलं की सुटलो म्हणतो. खरं तर वाहणारी जखम आतली घाण थोडीफार बाहेर ढकलते, ती उघडी असते, धुता येते, डोळ्यांना दिसते. टोचलेल्या जखमेचं तोंड लगेच मिटतं. आत माती, शेणखत, सालीचा कपचा, जे काही गेलं असेल ते तिथंच कोंडून राहतं. त्यामुळे "किती रक्त आलं?" यापेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात: किती खोल गेलं, कुठं गेलं आणि सोबत काय घेऊन गेलं. बेळगावच्या पावसात, तांबड्या मातीत, घरामागच्या दोन-तीन गुंठ्यांत जे जे होतं ते या तीन प्रश्नांवर तपासून बघू.

वाहतं रक्त

बोटं कापतात ती बहुतेक डावी. उजव्या हातात हत्यार असतं आणि डाव्यानं आपण फांदी किंवा गवताचा झुबका धरलेला असतो, म्हणजे खुरप्याचा, विळ्याचा, सिकेटरचा रोख आपल्याच दुसऱ्या हाताकडे. बोथट हत्यार जास्त कापतं हे ऐकायला विचित्र वाटेल, पण बोथट पात्याला जोर लावावा लागतो, आणि जोरात असलेला हात घसरला की मध्ये थांबत नाही.

कापलं तर आधी नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायचं आणि माती निघेपर्यंत साबणानं धुवायचं. मग स्वच्छ फडका ठेवून दाबायचं, घड्याळ बघून दहा मिनिटं. सगळे चुकतात ते इथं. दर अर्ध्या मिनिटाला फडका उचलून "थांबलं काय?" बघतात. रक्त गोठताना जखमेच्या तोंडाशी बारीक धाग्यांचं जाळं विणलं जातं. फडका उचलला की ते फाटतं, आणि विणकाम पुन्हा पहिल्या टाक्यापासून.

हळदीचं काय? हळदीत जंतूंना आवर घालणारे गुण आहेत, ते खोटं नाही. पण फोडणीच्या डब्यातली हळद काही निर्जंतुक नसते. त्यात रोज ओले चमचे जातात. शिवाय तिचा लगदा जखमेवर बसला की खाली काय चाललंय ते दिसत नाही. दगडीपाल्याचंही तसंच. बांधावरचा तो खरखरीत पाला चोळून रस पिळला की रक्त थांबतं, असा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. माझी तक्रार पाल्याबद्दल नाही, पाल्यावरच्या मातीबद्दल आहे. तो उगवतो तिथं गल्लीतली सगळी कुत्री हजेरी लावून जातात.

दहा मिनिटं नेटानं दाबूनही रक्त थांबलं नाही, कडा उघड्याच राहिल्या, बोटाचं टोक बधिर झालं किंवा एखादं पेर वाकवता येईना, तर टाके घालणाऱ्याकडे जायचं. शेवटच्या दोन खुणा महत्त्वाच्या. बधिरपणा म्हणजे शीर नव्हे, मज्जातंतू तुटल्याची शंका, आणि न वाकणं म्हणजे स्नायूबंध तुटल्याची. वरून चीर नखाएवढी असली तरी.

रुतलेला काटा

काकांच्या एक्स-रेत काटा का दिसला नाही, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण हा घोटाळा अनेकांचा होतो. एक्स-रेचे किरण जिथं अडतात तिथं चित्र पांढरं उमटतं. हाडातलं कॅल्शियम त्यांना अडवतं, लोखंडाचा खिळा अडवतो, काचही बहुतेक वेळा दिसते. लाकूड आणि काटा यांची घनता मांसाच्या जवळपास, त्यातून ते ओलं झालेलं. किरण मांसातून जावेत तसे त्यातून आरपार जातात. सोनोग्राफी आवाजाच्या लहरींवर चालते. मऊ मांसात कडक काही लागलं की लहर परत फिरते आणि काटा पडद्यावर चमकतो. म्हणून डॉक्टरांना नुसतं "बोट दुखतंय" सांगू नये. "तीन आठवड्यांपूर्वी लिंबाचा काटा घुसला होता" असं सांगावं. काकांनी ते सांगितलंच नव्हतं. त्यांच्या लेखी ती घटनाच नव्हती.

काटा सांध्यात गेला की दोन गोष्टी होतात. जंतू गेले असतील तर दोन-चार दिवसांत बोट लाल, गरम, ठणकणारं होतं. जंतू नसले तरी वनस्पतीचा तो कण शरीराला परका असतो. सांध्याचं आतलं अस्तर त्याला हुसकावून लावायला फुगतं आणि फुगलेलंच राहतं. गोळ्या घेतल्या की उतरतं, थांबवल्या की परत. खजूर-शिंदीच्या झावळ्यांची टोकं, बोगनवेल, लिंबू आणि गुलाब हे यातले नेहमीचे. एकाच सांध्याला सूज, ताप नाही आणि महिने उलटले, तर बागेचा इतिहास आठवून बघावा.

कातडीतला वरवरचा काटा घरी काढता येतो. जागा धुऊन, चिमट्यानं टोक धरून, ज्या तिरक्या दिशेनं गेला त्याच दिशेनं मागे ओढायचा. काढलेला काटा फेकून द्यायच्या आधी बघायचा की टोक शाबूत आहे का. सुईनं कोरत बसायचं नाही, आणि काट्यानं काटा काढायचा हे म्हणीपुरतं ठीक. आमच्या खानापूरकडच्या मामांकडे रुतलेल्या काट्यावर रुईचा चीक घालायची रीत होती. भाजून कातडी मऊ पडते, मग काटा वर येतो म्हणत. येतही असेल, पण भाजलेली कातडी जंतूंना दार उघडून देते. पायात काटा राहिला की कुरूप होतं, ही समजूत मात्र पूर्ण बरोबर नाही. कुरूप चप्पल घासून, दाब पडूनही होतं. पण आत राहिलेल्या काट्याभोवती शरीर घट्ट गाठ बांधतं आणि ती कुरपासारखीच टोचते, तेव्हा आज्ज्यांची चूक माफ करावी.

नखाच्या कडेला काटा किंवा कुसळ लागून होतं ते नखुरडं. रात्रभर ठणकतं, माणूस हात वर धरून बसतो. पहिल्या दिवशी कोमट पाण्याचा शेक दिवसातून तीन-चार वेळा दिला तर अनेकदा जागच्या जागी जिरतं. पू दिसायला लागला की डॉक्टरांनी कापून काढलेलं बरं, दाबून फोडायचं नाही.

गुलाबवाल्यांसाठी एक वेगळी खूण. स्पोरोथ्रिक्स नावाची बुरशी मातीत, गवतात आणि काट्यांवर असते. ती टोचून आत गेली की दोन-तीन आठवड्यांनी तिथं न दुखणारा फोड येतो, आणि मग एकामागून एक गाठी ओळीनं वर चढतात, मनगट, कोपर, जणू कोणी हातावर मणी ओवले. आपल्या देशात हा आजार हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात जास्त, पण इतरत्रही होतो. साध्या ॲन्टिबायोटिकनं जात नाही. बुरशीवरची गोळी काही महिने घ्यावी लागते, आणि मग पूर्ण बरा होतो.

गंज आणि धनुर्वात

"गंजलेला खिळा लागला, इंजेक्शन घेऊन ये." हे वाक्य आपण सगळे ऐकत वाढलो. यातला निष्कर्ष बरोबर, कारण चूक. गंज म्हणजे लोखंड, हवा आणि पाणी. त्यानं धनुर्वात होत नाही. धनुर्वाताचा जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतो, आणि गंजका खिळा मातीत पडलेला असतो एवढंच त्यांचं नातं. बांगडीवाल्याकडची नवी लखलखीत सुई शेणखतात बुडवून टोचली तर तीही तेवढीच धोक्याची.

हा जंतू मोठा हट्टी. वाईट दिवस आले की स्वतःभोवती जाड कवच करून बसतो, आणि त्या अवस्थेत वर्षानुवर्षं मातीत टिकतो. साध्या उकळत्या पाण्यानंही सहज मरत नाही. पण त्याला एक गोष्ट चालत नाही, हवा. प्राणवायू असेल तिथं तो वाढत नाही. आता काटा आणि चीर यांचा फरक आठवा. उघड्या चिरेत हवा खेळते. खोल, तोंड मिटलेल्या, आतून चिरडलेल्या भोकात हवा नाही. कवच फुटतं, जंतू वाढतो आणि विष सोडतो. आपले स्नायू मेंदूच्या दोन निरोपांवर चालतात: "आवळ" आणि "सैल हो". हे विष दुसरा निरोप अडवतं. मग स्नायू आवळतात आणि आवळलेलेच राहतात. आधी जबडा उघडेना, मग मान, मग पाठ धनुष्यासारखी ताणते. नाव तिथूनच आलं. लक्षणं साधारण तीन दिवस ते तीन आठवड्यांत दिसतात, तोवर मूळ जखम बहुधा भरूनही आलेली असते.

इंजेक्शनबद्दल दोन टोकं दिसतात. काहीजण दर खरचटण्याला सुई घेतात. त्याची गरज नाही, फार जवळजवळ घेतल्या तर दंड सुजतो तेवढंच. दुसरे लहानपणी घेतली होती एवढ्यावर थांबतात. हिशेब सोपा आहे. लहानपणचे मूळ डोस पूर्ण असतील तर दर दहा वर्षांनी एक. जखम मातीची, शेणाची, खोल असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षं उलटली असतील, तर लगेच एक. २०१९ पासून सरकारी दवाखान्यांत टीटीच्या जागी टीडी मिळते, त्यात घटसर्पाचंही संरक्षण येतं. शाळकरी मुलांना ती दहाव्या आणि सोळाव्या वर्षी देतात, गरोदर बायकांनाही.

माझी खरी काळजी साठी-सत्तरीच्या पुरुषांची आहे. देशव्यापी लसीकरण सुरू झालं १९७८ साली. त्याआधी जन्मलेल्या बायकांना निदान बाळंतपणात तरी सुई मिळाली. पुरुषांपैकी अनेकांना मूळ तीन डोस कधीच मिळालेले नाहीत, आणि परड्यात अनवाणी शेणखत पसरतात तेच. अशा माणसाला घाणेरडी जखम झाली तर नुसती लस पुरत नाही. लसीला काम करायला वेळ लागतो, तोवर तयार प्रतिद्रव्याचं वेगळं इंजेक्शनही द्यावं लागतं. डॉक्टरांनी विचारलं की "मागे केव्हा घेतलंत?" तर "घेतलं असेल की" असं उत्तर देऊ नये. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं.

डोळ्यात फूल

सगळ्या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर मी डोळ्यांचं सांगेन. इकडे ऊस आणि भात दोन्ही, त्यामुळे डोळ्याला पातं लागणं आपल्याला इतकं सवयीचं झालंय की त्याला कुणी अपघात म्हणत नाही. परड्यातही तेच: नारळाची झावळी, गवती चहाचं पान, वेलाला लावलेल्या काठीचं टोक. डोळा चुरचुरतो, पाणी येतं, दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटतं.

बुबुळावर पारदर्शक काचेसारखा पडदा असतो. पात्यानं तो बारीक ओरखडतो, आणि पात्यावरची बुरशी त्या ओरखड्यात पेरली जाते. तिची चाल संथ. आठ-दहा दिवसांनी डोळा लाल, उजेड सहन होईना, आणि नीट बघितलं तर काळ्या भागावर पांढुरका ठिपका. "फूल पडलं" म्हणतात ते. वेळेत औषध मिळालं नाही तर काच तिथं कायमची दुधी होते.

नुकसान वाढतं ते मधल्या आठ दिवसांत. कुणी कोथिंबिरीचा रस घालतं, कुणी तूप, बाळंतिणीचं दूध, कुणी जिभेनं कण काढून देतं. आणि सगळ्यात वाईट, मेडिकलमधून न विचारता आणलेले लाल डोळ्याचे थेंब. त्यांपैकी काहींत स्टेरॉइड असतं. लाली दोन दिवसांत उतरते, माणूस खूश होतो, आणि स्टेरॉइडनं शरीराचा पहारा झोपवलेला असल्यानं बुरशीला मोकळं रान मिळतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे साधी तपासणी असते. पिवळा रंग घालून निळा उजेड टाकला की ओरखडा हिरवा चमकतो. पातं लागल्यावर दुसऱ्या दिवशीही खुपत असेल तर तेवढं करून घ्यावं, आणि "झाडाचं लागलं" हे शब्द उच्चारावेत. औषध निवडताना त्यांना तेच हवं असतं.

दुसरा धोका चिकाचा. शनिवारी मारुतीला रुईची माळ घालायची, म्हणून सकाळी पानं तोडायला जातात. देठ मोडला की पांढरा चीक उडतो, हाताला लागतो आणि तोच हात डोळ्याकडे जातो. रुईच्या चिकाची खोड अशी की सुरुवातीला फारसं दुखत नाही. नुसतं धुकं आल्यासारखं दिसतं, म्हणून माणूस पूजा उरकून दुपारी सांगतो. शेराचा, निवडुंगाचा, कुंडीतल्या त्या काटेरी लाल फुलांच्या युफोर्बियाचा चीक उलट आग-आग करतो. उपाय दोन्हीला एकच: लगेच, तिथल्या तिथं, डोळा उघडा धरून पाण्याची धार, पंधरा-वीस मिनिटं. मग डॉक्टर. झाडांना लावायच्या चुन्याचा कण गेला असेल तर धार अर्धा तास, आणि रिक्षात बसल्यावरही पाण्याची बाटली सोबत. चुना बुबुळात खोल उतरत जातो, तो थांबत नाही.

चीक, कुसळं आणि काँग्रेस

कातडीच्या तक्रारी संख्येनं सगळ्यात जास्त, आणि बहुतेक आपोआप बऱ्या होणाऱ्या, तेव्हा इथं भराभर जाऊ.

आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. तिघांच्या चिकात कातडी जाळणारे तेलकट पदार्थ असतात. बिब्ब्यात आणि काजूच्या टरफलात जहाल, आंब्यात सौम्य. आंबा उतरवताना देठाचा चीक ओठाला, गालाला लागला की दुसऱ्या दिवशी फोड उठतात. चीक तेलकट असल्यानं नुसत्या पाण्यानं जात नाही, साबण हवा.

लिंबाचं प्रकरण वेगळं आणि मजेदार. लिंबाचा रस हाताला लागला आणि तसंच उन्हात बसलं, तर दोन दिवसांनी ओघळ आले त्याच आकाराचे फोड, मग काळे डाग, आणि ते दोन-दोन महिने राहतात. नुसत्या रसानं होत नाही, नुसत्या उन्हानंही नाही, दोघं भेटले की होतं. अंजिराचा चीकही असाच. चटका लागल्यासारखा डाग बघून घरात लहान मुलाला "कुठं भाजून घेतलंस?" म्हणून ओरडा बसतो, बिचाऱ्यानं सरबत केलेलं असतं.

अळूची खाज म्हणजे विष नव्हे, सुया. पानाच्या पेशीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म, दोन्हीकडे टोकदार स्फटिक असतात. ते कातडीत शिरतात. भाजीत आमसूल किंवा चिंच घालतो ती नुसत्या चवीसाठी नाही. चिरताना हाताला खोबरेल चोळलं तर सुया कमी रुततात. घरातल्या शोभेच्या ठिपकेदार डिफेनबाखियातही त्याच सुया. रांगत्या मुलानं पान चावलं तर जीभ सुजते, म्हणून ती कुंडी उंचावर.

खाजकुयलीच्या शेंगेवरची लव खानापूरच्या रानात गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. प्रत्येक केसात एक प्रथिन असतं, तेच खाज सुटवतं. खाजवलं की केस मोडून आणखी आत जातात. कपडे काढायचे, चिकटपट्टी लावून उचलायची, पुन्हा नवी पट्टी, असं केस निघेपर्यंत. शेवग्याच्या खोडावर पावसाळ्यात केसाळ सुरवंटांचे गठ्ठे बसतात, त्यांनाही हीच चिकटपट्टी. खाजेवर शेण थापायची जुनी पद्धत मात्र सोडून द्यावी. ओरबाडलेली कातडी आणि शेण यांची गाठ कशी पडते ते वर आलंच.

पावसाळा सरताना दिव्याभोवती येणारा, लाल-काळ्या पट्ट्यांचा मुंगीसारखा किडा मानेवर बसला तर फुंकरीनं उडवायचा. तो चावत नाही. आपण चिरडतो तेव्हा त्याच्या अंगातला द्रव सांडतो आणि चिरडत नेलेल्या रेषेवर फोड येतात. चिरडलाच तर ताबडतोब साबणानं धुवा.

आणि काँग्रेस गवत, म्हणजे गाजर गवत. १९५६ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे परदेशी तण आज बेळगावातल्या प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर आहे. एकदा उपटून काही होत नाही. वर्षानुवर्षं संपर्क आला की एखाद्याच्या शरीराला त्यातल्या पार्थेनिनचं वावडं निर्माण होतं, आणि मग नुसते हवेत उडणारे कणही पुरतात. पुरळ कुठं उठतं ते बघा: पापण्या, मानेच्या घड्या, कोपराच्या खोबणी. उन्हाच्या पुरळासारखंच वाटतं, म्हणून लोक वर्षभर चुकीची क्रीम लावतात. फुलावर यायच्या आधी, पावसानं माती ओली असताना, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घालून मुळासकट उपटावं. मेक्सिकोतून आणलेले भुंगेरे १९८४ मध्ये बेंगळुरूला सोडले होते. ते पानं खातात, पण गवत त्यांना पुरून उरलंय.

पाय, पाठ आणि शेवाळ

मधुमेह असलेल्यांनी परड्यात अनवाणी जाऊच नये. बरीच वर्षं साखर असली की तळव्याची जाणीव बोथट होते. काटा रुतला, तो पिकला, आणि पायमोज्याला डाग दिसेपर्यंत कळलंच नाही, असं होतं. त्यात पावसाळी मातीतला एक जंतू, मेलिओइडोसिस नावाचा गंभीर आजार करणारा, नेमका मधुमेहींनाच जास्त धरतो. किनारी कर्नाटकात, उडुपी-मंगळूरकडे, तो चांगलाच परिचयाचा आहे. साठलेल्या पाण्यात उंदराचं मूत मिसळलेलं असतं, त्यातून लेप्टोस्पायरोसिसचा ताप, म्हणजे लेप्टो. पावसात परड्यात राबल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत ताप, डोळे लाल आणि पोटऱ्या फुटल्यासारख्या दुखत असतील तर "फ्लू आहे" म्हणून झोपून राहू नये. गमबूट दोन्हीवर पुरतो. बोटांतल्या चिखल्यांवर मात्र गमबूट काढल्यावर पाय कोरडे करणं हाच उपाय.

साप आणि विंचू हे किरकोळ दुखापतींत बसत नाहीत, पण वाटेत भेटतात. कुंड्यांच्या तळाशी, रचलेल्या कौलांत, पालापाचोळ्याच्या ढिगात हात घालण्याआधी काठी घालायची. लाल विंचू चावल्यावर नुसत्या वेदना असतील तर गोष्ट वेगळी. घाम, उलटी, हातपाय गार पडणं सुरू झालं की विष हृदयाकडे वळलंय. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी यावर प्रॅझोसिन हे साधं औषध चालतं हे दाखवून दिलं आणि कोकणातली मरणं घटली. साप चावला तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चालवायचं नाही. हात-पाय स्थिर ठेवून थेट सापाच्या विषावरचं इंजेक्शन असलेल्या दवाखान्यात. १०८ हा नंबर निपाणीच्या अलीकडेही चालतो आणि पलीकडेही. सीमेचा वाद त्याच्यापर्यंत पोचलेला नाही.

पाठीचं गणित वजनाचं आहे. बारा इंची कुंडी ओल्या मातीनं भरली की २५-३० किलोच्या घरात जाते. तेवढं तांदळाचं पोतं आपण दोघं मिळून उचलतो, कुंडी मात्र एकट्यानं, कमरेत वाकून, वर वळवून. गोणपाटावर ठेवून ओढावी. किंवा जागेवर नेऊन मग भरावी, हे सुचायला मला पंधरा वर्षं लागली.

शेवाळ राहिलं. आपल्याकडे जूनपासून चार महिने जांभ्याच्या पायऱ्या आणि शहाबादी फरशी हिरवी असते. घसरताना माणूस हात पुढे टेकतो, सगळं वजन मनगटावर येतं, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायकांची हाडं विरळ झालेली असल्यानं तिथंच मोडतं. ब्लीचिंग पावडर टाकून घासावं, पण त्यात संडास धुवायचं ॲसिड मिसळू नये. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि छोट्या बोळात तो छातीत भरतो.

गणपती उठल्यावर दोन दिवसांनी कुंपणापलीकडच्या अज्जी तुळशीला पाणी घालायला म्हणून उतरल्या आणि दुसऱ्या पायरीवरून घसरल्या. सहा आठवडे हात प्लास्टरात. तेवढे दिवस त्यांच्या तुळशीला पाणी काका घालत होते. काट्याचं ऑपरेशन तेव्हा होऊन गेलं होतं. मधलं बोट अजून पुरतं मिटत नाही, पण तांब्या धरता येतो म्हणाले.